रवांडाने माफ केले नाही, खटले चालवले: हत्याकांडानंतरच्या न्यायाविषयी

प्रश्न: सामूहिक हिंसाचारातून सावरणाऱ्या समाजाला टिकाऊ शांतता हवी असेल, तर न्यायाचा आग्रह कितपत धरावा? रवांडातील लोकांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि म्हणूनच तो देश पुन्हा उभा राहिला, असे वारंवार वाचनात येते. हे खरे मानावे का?

उत्तर: सुरुवात प्रश्नातल्या गृहीतकापासूनच करावी लागेल, कारण ते बरोबर नाही. रवांडाने माफ केले नाही. २००२ ते २०१२ या दहा वर्षांत तेथील गावपातळीवरच्या गचाचा न्यायालयांनी सुमारे १९ लाख प्रकरणे हाताळली आणि त्यांत जवळजवळ १० लाख माणसांवर आरोप ठेवले गेले. एखाद्या देशाने आपल्याच नागरिकांवर इतक्या मोठ्या संख्येने खटले चालवल्याचे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. क्षमेच्या ज्या हकिगती आपण वाचता त्या खोट्या नाहीत. मात्र त्यांतल्या बहुतेक या खटल्यांच्या नंतरच्या आहेत, आणि पुष्कळदा खटल्यात मिळालेल्या कबुलीमुळेच त्या घडू शकल्या. हा क्रम गाळून हकिगत सांगितली की ऐकणाऱ्याला वाटू लागते, न्यायाला फाटा देऊनही सलोख्यापर्यंत पोहोचता येते. याच समजुतीवर आखलेल्या योजना मी जवळून पाहिल्या आहेत आणि त्यांचा भार नेहमी ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याच खांद्यावर पडताना पाहिला आहे, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ साक्षीदारांच्या आणि हत्याकांडातून वाचलेल्यांच्या मदतीच्या कामात आहे आणि त्यातला मोठा काळ रवांडाच्या ग्रामीण भागात गेला. पुढचे विवेचन प्रामुख्याने त्या एका देशापुरते आहे. शांततेविषयी सर्व देशांना लागू होईल असे बोलू लागले की माणसे, शेते आणि घरे नजरेआड होतात, आणि या कामात तर सगळे काही त्यांच्यावरच अवलंबून असते.

६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवस अल्पसंख्य तुत्सी समाजाची, तसेच या कत्तलीला विरोध करणाऱ्या, बहुसंख्य हुतू समाजातल्या माणसांची हत्या चालू राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ८ लाखांहून अधिक, तर रवांडा सरकारच्या गणनेनुसार १० लाखांहून अधिक माणसे मारली गेली. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मारणारे कोण होते. सैन्य, इंतराहाम्वे ही सशस्त्र टोळी आणि प्रशासन यांनी कत्तल आखली आणि तिला शिस्त लावली, परंतु प्रत्यक्ष कोयते चालवणारे पुष्कळसे हात शेजाऱ्यांचे होते. रवांडातली वस्ती टेकड्यांवर विखुरलेली असते. एका टेकडीवरची माणसे एकाच झऱ्याचे पाणी भरतात, एकाच बाजाराला जातात आणि त्यांच्या केळीच्या बागांचे बांध एकमेकांना लागून असतात. जुलैमध्ये रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या, प्रामुख्याने तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने सत्ता घेतली आणि हत्याकांड थांबले, तेव्हा वाचलेल्या बाईला ज्या टेकडीवर परतायचे होते, त्याच टेकडीवर तिच्या मुलांना मारणाऱ्याचे कुटुंबही राहत होते. दोघांनाही दुसरीकडे जमीन नव्हती. रवांडातल्या न्यायाचा सगळा विचार या एका वस्तुस्थितीतून सुरू होतो.

सर्वांना माफी द्यावी, हा मार्ग त्या देशाने आधीच अनुभवला होता. १९५९ पासून तुत्सींवर पुन्हा पुन्हा हल्ले झाले, हजारो कुटुंबे परागंदा झाली आणि त्यासाठी जवळजवळ कोणालाच शिक्षा झाली नाही. शेजाऱ्याला मारून त्याची जमीन घेता येते आणि पुढे काहीही होत नाही, हे एका संपूर्ण पिढीने पाहिले होते. बेल्जियमच्या राजवटीत १९३० च्या दशकात सुरू झालेल्या ओळखपत्रावर प्रत्येकाचा वंश लिहिलेला असे आणि १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र पाहून माणसे निवडली गेली. नव्या सरकारने ओळखपत्रावरची ती नोंद काढून टाकली. त्यानंतरची मोठमोठी भाषणे लोक विसरले, पण नाक्यावर दाखवायच्या कागदावर आता आपला वंश लिहिलेला नाही, ही गोष्ट वाचलेल्या माणसाला आतून जाणवत असे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केले; पुढे त्याचे ठिकाण टांझानियातील अरुशा हे ठरले. स्थापनेच्या वेळी रवांडा स्वतः परिषदेचा सदस्य होता आणि त्याने ठरावाविरुद्ध मत दिले, ही बाब बहुधा सांगितली जात नाही. २०१५ मध्ये बंद होईपर्यंत या न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले आणि त्यावर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. हे काम मी कमी लेखत नाही. ताबा या विभागाचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याच्या खटल्यात २ सप्टेंबर १९९८ रोजी जो निकाल लागला, त्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी एखाद्याला दोषी ठरवले आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते असे नमूद केले. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोप नव्हता. साक्ष देताना एका स्त्रीने त्याचा उल्लेख केला, न्यायासनावरील नवनीतम पिल्लै यांनी त्याविषयी पुढे विचारले आणि त्यानंतर आरोपपत्र बदलले गेले. माजी पंतप्रधान, मंत्री, सेनाधिकारी, द्वेषाचा प्रचार करणाऱ्या आरटीएलएम या रेडिओ केंद्राचे चालक अशा माणसांना गावाने शिक्षा देणे शक्यच नव्हते. पण अरुशा दूर होते, निकाल वर्षांनी येत, आणि कोठडीतल्या आरोपींना एचआयव्हीची औषधे मिळत असताना त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या, बलात्कारातून संसर्ग झालेल्या स्त्रियांना ती मिळत नव्हती. या एका गोष्टीने न्यायाविषयीचा जितका विश्वास घालवला तितका क्वचितच कोणत्या निकालाने कमावला असेल.

देशातल्या न्यायव्यवस्थेची स्थिती आणखी बिकट होती. बहुतेक न्यायाधीश आणि वकील मारले गेले होते किंवा देश सोडून गेले होते, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तुरुंगांत सुमारे १ लाख २० हजार माणसे खटल्याची वाट पाहत कोंबलेली होती. १९९६ च्या कायद्याने गुन्ह्यांच्या प्रतवाऱ्या ठरवल्या आणि कबुली देणाऱ्याला सौम्य शिक्षेची तरतूद केली, तरीही नेहमीच्या न्यायालयांच्या गतीने सर्व खटले संपायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती. आरोपी तुरुंगात आणि साक्षीदार गावात म्हातारे होऊन मेले असते. गचाचा आली ती या अडचणीतून. तिच्यामागे परंपरेचे प्रेम कमी आणि निरुपाय अधिक होता.

गचाचा म्हणजे गवत, म्हणजेच ज्या हिरवळीवर बसून गावातले जाणते लोक पूर्वी जमिनीचे, गुरांचे, घरगुती तंटे मिटवत ती जागा. मराठी वाचकाला येथे आपल्याकडची गावकी आठवेल, परंतु ते साम्य अर्धेच खरे आहे. जुन्या गचाचात खुनाचे खटले चालत नसत आणि तुरुंगवासाची शिक्षाही नसे. नवी गचाचा २००१ च्या कायद्याने निर्माण झालेली सरकारी संस्था होती. ऑक्टोबर २००१ मध्ये गावकऱ्यांनी सुमारे २.५ लाख पंच निवडले. त्यांना इन्यांगामुगायो, म्हणजे अप्रामाणिकपणाचा तिटकारा असणारे, असे म्हणत. त्यांच्यापैकी बहुतेक शेतकरी होते, त्यांना पगार नव्हता आणि थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळाले होते. सुरुवातीला एका न्यायालयात १९ पंच असत; पुढे ती संख्या ९ आणि नंतर ७ झाली. वकिलांना प्रवेश नव्हता. आठवड्यातून एक दिवस ठरलेला असे, त्या दिवशी दुकाने बंद राहत आणि सारे गाव झाडाखाली जमे.

खटल्यांच्या आधी मात्र बरेच महिने याद्या करण्यात गेले, आणि माझ्या मते या याद्या हाच गचाचाचा पाया होता. ६ एप्रिल १९९४ रोजी या टेकडीवर कोणकोण राहत होते? त्यांतले कोण मारले गेले, कोठे, कोणाच्या हातून? कोणाचे घर पाडले, कोणाच्या गायी कापल्या, छपराचे पत्रे कोणी काढून नेले? ही माहिती घरागणिक, सर्वांसमोर, मोठ्याने बोलून वह्यांत उतरवली गेली. हत्याकांड करणाऱ्यांनी कुटुंबेच्या कुटुंबे अशी मिटवली होती की त्यांची आठवण सांगायलाही कोणी उरू नये. त्या घरांची नावे पुन्हा गावाच्या वहीत आली. एखाद्या घराची नावे वाचली जात असताना जी शांतता पसरत असे, ती मी अनेकदा अनुभवली आहे, आणि त्या क्षणी आरोपींच्या नातेवाइकांनाही मान वर करता येत नसे.

वाचलेल्यांना सर्वांत आधी काय हवे होते, याचे उत्तर बाहेरून आलेल्या आम्हा लोकांना फार उशिरा समजले. आम्ही शिक्षेविषयी विचारत होतो आणि वाचलेल्या बायका हाडांविषयी विचारत होत्या. मुलाला कोणत्या खड्ड्यात टाकले, नवऱ्याला नदीत ढकलले की शौचकूपात, हे मारणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. गचाचाच्या नियमानुसार कबुली ग्राह्य धरली जाण्यासाठी आरोपीला प्रेत कोठे आहे आणि सोबत कोण होते हे सांगावे लागे; मग शिक्षा बरीच कमी होई आणि तिचाही मोठा भाग रस्ते बांधणे, शेतजमिनीला पायऱ्या घालणे अशा सार्वजनिक कामात भोगता येई. या सवलतीला अनेक वाचलेल्यांचा विरोध होता आणि तो मी समजू शकतो. तरीही त्या कबुलीमुळे हजारो देह खड्ड्यांतून बाहेर काढून, धुऊन, सन्मानाने पुरले गेले. एका वृद्ध स्त्रीने मला सांगितले होते की अकरा वर्षे ती प्रत्येक पाऊलवाटेवर दबकत चालत असे, कारण आपण मुलीच्या अंगावर पाय तर देत नाही ना, हे तिला कळत नव्हते. मुलगी सापडल्यानंतर तिने मारेकऱ्याला क्षमा केली नाही. ती वाटेने नीट चालू लागली, एवढेच, आणि मला ते फार मोठे वाटते.

आता याची दुसरी बाजू. सर्वांसमोर बोलणे हीच ज्या न्यायालयाची पद्धत, तेथे बलात्काराविषयी बोलायचे कसे? २००८ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक अत्याचारांचे अनेक खटले गचाचाकडे आले आणि ते बंद दाराआड चालवण्याचा नियम झाला. परंतु गावात दार बंद झाले की आत कोणता खटला चालू आहे हे सगळ्यांनाच कळे. काही साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले. हजारो पंचांवरच आरोप निघाले आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. जमिनीच्या वादातून खोटे आरोप झाले, पैसे देऊन साक्षी फिरवल्या गेल्या, आणि वकील नसल्यामुळे निरक्षर आरोपीला स्वतःचा बचाव करणे अवघड गेले. शिवाय दर आठवड्याला ते सर्व पुन्हा ऐकताना माणसे कोसळत. किन्यारवांडा भाषेत या अवस्थेला इहाहामुका म्हणतात. श्वास अडकून, भीतीने फुफ्फुसे जणू बाहेर यावीत अशी ती अवस्था असते. एप्रिलमधील स्मृतिसप्ताहात आजही ती दिसते आणि हल्ली तर १९९४ नंतर जन्मलेल्या मुलांमध्येही दिसते. मनाच्या उपचारांची सोय न करता साक्षी घेणे हे भूल न देता शस्त्रक्रिया करण्यासारखे होते. त्या काळात पुरेसे समुपदेशक नेमले गेले नाहीत, यात आम्ही सगळेच कमी पडलो.

मला सर्वाधिक खटकलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि अभ्यासकांच्या लिखाणात तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. ती म्हणजे मालमत्ता. गचाचापुढील बहुसंख्य प्रकरणे, सुमारे १३ लाख, खुनाची नव्हती. लुटीची आणि नासधुशीची होती. अशा गुन्ह्यांना तुरुंगवास नव्हता. लुटलेली वस्तू परत करणे, तिची किंमत देणे किंवा तेवढ्या किमतीचे काम करून देणे, एवढेच अपेक्षित होते. कागदावर हे उत्तम होते. प्रत्यक्षात आरोपी इतके गरीब होते की मारून खाल्लेल्या चार गायींची किंमत त्यांना आयुष्यभर फेडता आली नसती, आणि ज्यांना फेडता आली असती त्यांतले पुष्कळ जण टाळत राहिले. निकालाचा कागद बाईच्या पेटीत आणि तिच्या घराचे पत्रे समोरच्या घरावर, अशी दृश्ये मी स्वतः पाहिली आहेत. नेहमीच्या न्यायालयांनीही भरपाईचे आदेश दिले होते, परंतु ते बहुतांशी अमलात आले नाहीत. भरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारण्याच्या कायद्याचे मसुदे झाले, निधी मात्र उभा राहिला नाही. १९९८ मध्ये सरकारने वाचलेल्यांसाठी जो मदतनिधी सुरू केला, त्यातून अनाथ मुलांची फी, औषधोपचार आणि घरे यांचा मोठा खर्च झाला, आणि ते काम खरोखरच मोलाचे आहे. तरीही मदत आणि भरपाई या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मदत गरिबीमुळे मिळते, भरपाई हक्क म्हणून मिळते. शिवाय बलात्कारातून जन्मलेली मुले १९९४ नंतर जन्मल्यामुळे त्या निधीच्या व्याख्येत वाचलेली ठरत नव्हती, म्हणजे आईला मदत मिळे आणि मुलाला नाही.

दक्षिण आफ्रिकेतही हेच घडले. तेथील सत्यशोधन आणि सलोखा आयोगाकडे माफीसाठी ७ हजारांहून अधिक अर्ज आले आणि ८४९ जणांना माफी मिळाली. ही माफी मंजूर होताच लागू होत असे. पीडितांना भरपाई देण्याची शिफारस मात्र सरकारकडे जाऊन पडली आणि अखेर २००३ मध्ये प्रत्येकी ३० हजार रँडची एकरकमी रक्कम देण्याचे ठरले, जी आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी होती. गुन्हेगाराचा हिशेब ताबडतोब मिटतो आणि पीडिताचा हिशेब पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलला जातो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता कोणत्याही शांतता कराराचा मसुदा हाती आला की मी प्रथम भरपाईचे कलम काढून पाहतो, त्यात रक्कम कोठून येणार हे लिहिले आहे का ते तपासतो, आणि लिहिले नसेल तर बाकीच्या पानांवरचा माझा विश्वास कमी होतो.

क्षमेविषयी आपण विचारले आहे म्हणून स्पष्टपणे लिहितो. क्षमा करणे हा ज्याचे नुकसान झाले त्याचा खासगी अधिकार आहे. सरकार शिक्षा कमी करू शकते, कैदी सोडू शकते. जानेवारी २००३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर रवांडाने कबुली दिलेले हजारो कैदी सोडलेही. पण क्षमा सरकारच्या हातात नसते. गचाचामध्ये कबुलीबरोबर जाहीर माफी मागण्याची अट होती आणि त्यामुळे पुढची चाल ठरल्यासारखी होत असे: त्याने माफी मागितली, सगळ्यांचे डोळे आता हिच्याकडे, आणि ती गप्प राहिली तर तीच सलोख्याच्या आड येणारी. या दबावाखाली उच्चारलेल्या शब्दांची नोंद अहवालांत क्षमा म्हणून होते. माझ्या सहकाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो आहे की वाचलेल्या व्यक्तीला क्षमेविषयी कधीही आपण होऊन विचारू नये. घर गळते का, औषधे मिळतात का, रात्री कोणी दार ठोठावते का, हे विचारावे.

आणि अखेर जो भाग लिहिताना मलाही जपून लिहावेसे वाटते तो. गचाचाने एका बाजूचाच न्याय केला. रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी १९९४ मध्ये आणि नंतर ज्या हत्या केल्या, त्या तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. २००४ च्या कायद्याने युद्धगुन्हे यादीतून काढूनच टाकले. त्या हत्या आणि तुत्सींचा वंशसंहार यांना एका तराजूत घालणे चुकीचे आणि घातक आहे, कारण वंशसंहार नाकारणारे लोक तीच युक्ती वापरतात. पण ज्या हुतू मुलाचा बाप सैनिकांनी मारला आणि ज्याला ते सांगायला देशात एकही जागा नाही, त्याच्याही मनात एक वही आहे. २००८ चा वंशसंहारी विचारसरणीविरोधी कायदा इतका संदिग्ध होता की असे दुःख बोलून दाखवणेही धोक्याचे झाले. पुढे त्यात सुधारणा झाल्या, भीती पूर्ण गेली नाही. १९९४ मध्ये सीमेपलीकडे गेलेले दहा लाखांहून अधिक निर्वासित, १९९६ पासूनची काँगोतील युद्धे आणि जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या, रवांडाचा पाठिंबा असल्याचा आरोप असलेल्या बंडखोर संघटनेने घेतलेले तेथील गोमा शहर यांकडे पाहिले, म्हणजे रवांडाच्या टेकड्यांवरची शांतता किती खरी आणि तिची हद्द कोठे संपते, हे दोन्ही दिसते.

यातून दुसऱ्या देशात काम करणाऱ्याने काय घ्यावे, असे आपण पुढे विचाराल. माझा आग्रह कामांच्या क्रमाविषयी आहे. प्रथम साक्षीदाराची सुरक्षितता. मग मृतांची यादी आणि देहांचा शोध. त्याच सुमारास जमीन, घर आणि वारसाहक्क. रवांडात १९९९ च्या कायद्याने मुलींना मुलांबरोबरीने वारसा मिळाला नसता तर असंख्य विधवा आणि अनाथ मुली न्यायालयात जिंकूनही दिराच्या किंवा चुलत्याच्या दारात राहिल्या असत्या. खटले यांच्या बरोबरीने चालावेत. आखणी करणाऱ्यांसाठी व्यावसायिक न्यायालय आणि हुकमाखाली वागलेल्यांसाठी गावाजवळचे न्यायालय, ही विभागणी मला योग्य वाटते, मात्र गावातल्या न्यायालयातही आरोपीला कायदा समजावून सांगणारे कोणीतरी हवेच. सलोख्याचे कार्यक्रम, शिबिरे, स्मारके ही यानंतरची कामे आहेत. ती आधी केली तर लोक येतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन दाराला आतून कडी लावतात.

सध्या रवांडात वीस-तीस वर्षांच्या शिक्षा भोगून कैदी आपापल्या टेकड्यांवर परतत आहेत. सुटकेपूर्वी त्यांच्यासाठी शिबिरे घेतली जातात. पण ज्या घरासमोरून तो माणूस चालत जाणार आहे, त्या घराला तो कधी येणार हे आधी सांगितले जाते का, याची चौकशी मी प्रत्येक भेटीत करतो. काही गावांत सांगितले जाते. काही गावांत त्या बाईला बाजारात तो समोर दिसतो तेव्हाच कळते.